बोरीबंदरात समुद्र कुठे आहे?

सीएसएमटीला उतरून बाहेर आलं की समोर महापालिकेची इमारत, टॅक्सींची रांग, भुयारी मार्गाच्या पायऱ्या. समुद्राचा मागमूसही नाही. तरी जुने मुंबईकर या भागाला बोरीबंदर म्हणतात. लोकलचं पुढचं स्टेशन मस्जिद, बोलण्यात मस्जिद बंदर. तिथे खजूर, सुका मेवा आणि मसाल्यांचे घाऊक बाजार आहेत, पाणी नाही. पूर्वेला वळलं की कर्नाक बंदर आणि वाडीबंदर. वाडीबंदरात आज रेल्वेच्या डब्यांची देखभाल चालते. रे रोडपासून शिवडीपर्यंत लकडी बंदर, कोळसा बंदर, टँक बंदर, हाजी बंदर. दक्षिणेला अपोलो बंदर, मराठी तोंडी पालवा बंदर. आणि समोरच्या घारापुरी बेटावर तर गावंच तीन: राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर.

एवढ्याशा टापूत इतकी बंदरं कशी? शाळेतल्या भूगोलात 'मुंबई हे नैसर्गिक बंदर आहे' असं एकवचनात शिकवतात. मग हे अनेकवचन आलं कुठून?

कोडं सुटतं ते बंदर या शब्दाचा माग काढला की. हा शब्द इराणच्या किनाऱ्यावरून निघाला आणि पूर्व आफ्रिकेपासून इंडोनेशियापर्यंत जवळजवळ प्रत्येक किनाऱ्यावर रुजला. पण सगळीकडे त्याचा अर्थ एक राहिला नाही. मलेशियात बंदर म्हणजे शहर. इजिप्तच्या बोलीत तालुक्याचं मोठं गाव. ऑटोमन तुर्कांच्या राजवटीत याच शब्दापासून बनलेला हुद्दा परदेशातल्या सरकारी प्रतिनिधीचा होता. आणि आपल्या मुंबईत बंदर म्हणजे किनाऱ्यावरची, माल उतरवायची एखादी जागा. इतकी लहान, की एका मैलात चार मावतील.

आधी एक घोटाळा बाजूला काढू. उत्तर भारतातून नव्याने आलेल्या माणसाला मस्जिद बंदर ऐकून माकड आठवतं, आणि मुलं तर हमखास विचारतात. हिंदीतला माकडवाचक 'बंदर' संस्कृत 'वानर' पासून आला आहे. समुद्रकाठचा बंदर फारसी. दोघांचा उच्चार जुळला, नातं काही नाही. हिंदीने यावर उपाय म्हणून समुद्राच्या बंदराला 'गाह' जोडून 'बंदरगाह' केलं. 'गाह' म्हणजे जागा, दर्गाह किंवा ईदगाहमध्ये असतो तोच. मराठीत माकडाला माकड हा शब्द असल्याने आपल्याला शेपूट लावायची गरज पडली नाही.

फारसीत 'बंद' म्हणजे बांधलेलं, अडवलेलं, आवळलेलं. 'बंदर' हा त्याच कुळातला मानला जातो. संस्कृतातला 'बन्ध्' धातू या फारसी शब्दाचा सख्खा चुलतभाऊ. दोन्ही भाषा एका जुन्या मुळातून फुटल्या, म्हणून आपला 'बांध' आणि त्यांचा 'बंद' ऐकायला इतके जवळ वाटतात. मराठीत तर ही दोन्ही घराणी शेजारी नांदतात. बांध, बंधारा, बंधन ही संस्कृताकडून आलेली मंडळी. बंदोबस्त, जमाबंदी, बाजूबंद, चिरेबंदी ही फारसीकडून. चिरेबंदी वाड्यातली 'बंदी' आणि बोरीबंदरातला 'बंदर' एकाच घरचे आहेत, हे एकदा लक्षात आलं की विसरता येत नाही.

याच कुळातला आणखी एक शब्द पुणेकरांच्या रोजच्या तोंडी आहे आणि त्याबद्दल गैरसमजही आहे. बंड गार्डनचा कुठल्याही बंडाशी संबंध नाही. तिथे मुळा-मुठेवर बांध घातला होता. भारतात राहणारे इंग्रज 'बंद' चा उच्चार 'बंड' असा करत आणि बांधाला तोच शब्द वापरत. त्यावरून ते नाव. हाच शब्द इंग्रज व्यापाऱ्यांनी पुढे चीनमध्ये नेला. शांघायच्या नदीकाठचा प्रसिद्ध रस्ता इंग्रजीत आजही 'द बंड' आहे. त्या रस्त्यावरची एक ठळक इमारत १९२९ साली उभी राहिलेलं ससून हाऊस. ससून म्हणजे तेच घराणं, ज्यातले डेव्हिड ससून बगदाद सोडून १८३२ साली मुंबईत स्थिरावले आणि ज्यांच्या नावाची कुलाब्याची ससून गोदी १८७५ पासून चालू आहे. कुलाबा आणि शांघाय यांना जोडणारा धागा व्यापाराचा होता, आणि शब्दही त्याच धाग्यावरून गेला.

आता मुख्य गोष्ट. बंदर म्हटलं की त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात. पहिली, होडी किंवा गलबत लावून माल उतरवायची जागा. दुसरी, तिथे बसलेली सत्ता: जकात घेणारा, वजनं तपासणारा, परदेशी व्यापाऱ्यांचे तंटे सोडवणारा अधिकारी. तिसरी, या दोन्हींभोवती वाढलेली वस्ती, म्हणजे बाजार, वखारी, सराया आणि शेवटी शहर. मूळ फारसी शब्दात तिन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले होते. पुढे ज्या किनाऱ्याला ज्या गोष्टीसाठी शब्द कमी पडला, तिथे तोच अर्थ ठळक झाला.

आपल्याकडे फारसी येण्याआधी शब्द नव्हता असं नाही. कोकणच्या शिलाहार राजांच्या लेखात 'वेलाकूल' भेटतो. वेला म्हणजे समुद्राची मर्यादा, कूल म्हणजे काठ. शके १०१६ च्या खारेपाटण ताम्रपटात अनंतदेव शिलाहाराने आपल्या वेलाकुलांतली जकात माफ केल्याची नोंद आहे आणि तिथे नावं येतात ती श्रीस्थानक, शूर्पारक, चेमूल्य अशी. म्हणजे ठाणं, सोपारा आणि चौल. गुजरातेतल्या पोरबंदरचं जुनं नावही पौरवेलाकूल. 'वेलाकूल' गेला आणि त्याच जागी 'बंदर' बसला, गावाच्या नावातसुद्धा. दक्षिणेत 'पट्टणम्' होता, तो टिकला, पण त्यालाही शेजार मिळाला. आंध्रातलं मछलीपट्टणम् तेलुगूत नुसतं 'बंदरु' म्हणूनही ओळखलं जातं. विजयवाड्याहून तिकडे जाणारा रस्ता बंदर रोड आणि तिथला नावाजलेला लाडू बंदर लाडू.

परका शब्द इतका का जिंकला? कारण समुद्रावरचा व्यवहार करणारी माणसं फारसी आणि अरबी बोलणारी होती. इसवी सन ९१६ च्या सुमारास अल-मसूदी हा अरब प्रवासी चौलला आला. त्याने तिथे सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती पाहिली आणि तिचा आकडा दहा हजार लिहून ठेवला. सिराफ हे इराणच्या आखातातलं त्या काळचं गजबजलेलं बंदर. अशी माणसं पिढ्यानपिढ्या एका किनाऱ्यावर राहिली की त्यांचे धंद्याचे शब्द स्थानिकांच्या तोंडी बसतातच. राजा कुणाचाही असो, धक्क्यावरची भाषा धंदा करणाऱ्याची असते. पुढे मुघल आणि दख्खनच्या सुलतानांच्या कचेऱ्यांनी फारसी वापरली, तेव्हा 'बंदर' ला सरकारी शिक्काही मिळाला. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० साली ज्या सुरतेवर स्वारी केली, तिला मुघल 'बंदर-ए-मुबारक' म्हणत, म्हणजे पवित्र बंदर, कारण हजची जहाजं तिथून सुटत. हे बिरुद मुघल नाण्यांवरही कोरलेलं आढळतं.

इराणमध्ये अर्थातच हा शब्द आजही जिवंत आहे. बंदर अब्बास हे नाव पडलं शाह अब्बासवरून. त्याच्या सैन्याने १६१४ साली ती जागा पोर्तुगीजांकडून घेतली. त्या किनाऱ्यावरच्या ढोलाच्या, अंग हलवायला लावणाऱ्या संगीताला इराणी लोक 'बंदरी' म्हणतात. अरबांनी शब्द घेतला आणि त्याचं अनेकवचन केलं 'बनादिर'. सोमालियातला मोगादिशूभोवतीचा प्रदेश म्हणून बनादिर, बंदरांचा प्रदेश. सौदी अरेबियात बंदर हे मुलाचं नावही असतं. पुढे दक्षिणेला, स्वाहिलीत, तो 'बंदारी' झाला; मोंबासात बंदरातल्या कामगारांशी नातं सांगणाऱ्या फुटबॉल संघाचं नावच बंदारी. तुर्कांनी तो काळ्या समुद्राच्या उत्तरेपर्यंत नेला. आजच्या मोल्दोवात नीस्टर नदीकाठी बेंडेर नावाचं शहर आहे. १५३८ मध्ये ते ऑटोमनांच्या हाती आलं आणि नदीवरच्या या ठाण्याला त्यांनी आपला बंदर दिला.

पण सगळ्यात रंजक आहे ती 'शाहबंदर' या हुद्द्याची कथा. शाह म्हणजे राजा, शाहबंदर म्हणजे बंदराचा राजा. प्रत्यक्षात हा राजा नसे. बहुतेक वेळा तो परदेशी व्यापाऱ्यांमधलाच एक वजनदार माणूस असे, आणि स्थानिक राजा त्याच्याकरवी बाकीच्या परदेशीयांशी व्यवहार करी. चौदाव्या शतकात इब्न बतूता कालिकतला गेला तेव्हा तिथे इब्राहिम नावाचा शाहबंदर होता, मूळचा बहरीनचा. राज्य सामुद्रीचं, म्हणजे कालिकतच्या हिंदू राजाचं, शाहबंदर आखातातला अरब. यात कुणालाच वावगं वाटत नव्हतं. कर्नाटकातल्या भटकळच्या नवायत समाजात शाबंदरी हे आडनाव आजही आहे.

या पदाची पूर्ण वाढ पाहायची तर आजच्या मलेशियातल्या मलाक्काला जावं लागतं. १५११ साली पोर्तुगीजांनी मलाक्का जिंकलं. त्यानंतर लगेच तिथे आलेल्या टोमे पिरेस या पोर्तुगीज माणसाने आधीच्या सुलतानाची व्यवस्था लिहून ठेवली. मलाक्कात एक नव्हे, चार शाहबंदर होते. पहिला फक्त गुजराती व्यापाऱ्यांसाठी. दुसरा तमिळ, बंगाली आणि पेगूकडच्यांसाठी, म्हणजे आजच्या म्यानमारकडच्यांसाठी. तिसरा जावा आणि त्यापलीकडच्या बेटांसाठी. चौथा चिनी आणि पूर्वेकडच्या इतरांसाठी. जहाज आलं की ज्याचा त्याचा शाहबंदर पुढे होई, कप्तानाला दरबारात नेई, वखारीची सोय लावी, भांडण झालं तर ऐकून घेई. एका मोठ्या शहरात गुजरात्यांसाठी स्वतंत्र अधिकारी लागावा, यावरून आपल्या पश्चिम किनाऱ्याची त्या काळची ताकद समजते. मला वाटतं, आपल्या शालेय इतिहासात घोडदळाला जेवढी जागा मिळते, तिचा थोडा वाटा या माणसांना मिळायला हवा.

हा हुद्दा इंडोनेशियात अजून सरकारी आहे. बंदरावरच्या सुरक्षेचा आणि जहाजांना निघण्याची परवानगी देण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याला तिथे 'स्याहबंदर' म्हणतात. जकार्ताच्या जुन्या बंदराजवळ डच काळातला एक बुरूज आहे, १८३९ सालचा, त्याचंही नाव मेनारा स्याहबंदर. आणि ऑटोमन तुर्कीत याच शब्दाचं 'शेहबेंदेर' झालं, पण अर्थ सरकला: परक्या शहरात बसून आपल्या देशाच्या व्यापाऱ्यांची काळजी घेणारा सरकारी प्रतिनिधी. एकोणिसाव्या शतकात मुंबईतही ऑटोमनांचा असा शेहबेंदेर होता. काम पाहिलं तर मलाक्कातलंच. फक्त नेमणूक करणारा बदलला. तिकडे यजमान राजा नेमत असे, इकडे पाहुण्याचा सुलतान.

मलाय भाषेत 'बंदर' चा तिसरा अर्थ वर आला: वस्ती. तिथे शहरं वसली ती मुख्यतः नद्यांच्या मुखाशी, व्यापारावर. राजवाडाही तिथेच आणि बाजारही तिथेच. त्यामुळे 'बंदरात जाणं' आणि 'शहरात जाणं' यात फरक उरला नाही. हळूहळू समुद्र गळून पडला आणि बंदर म्हणजे सरळ शहर झालं. क्वालालंपूर समुद्रकाठी नाही, तरी तिथल्या महापालिकेच्या नावात 'बंदराया' आहे. 'राया' म्हणजे मोठं. तिथल्या वसाहतींची नावं बंदर तुन रझाक, बंदर उतामा अशी. ब्रुनेईच्या राजधानीचं नाव १९७० साली बदलून बंदर सेरी बेगावान झालं. सेरी बेगावान हे गादी सोडलेल्या सुलतानाचं बिरुद. आणि जहाजांच्या बंदराला मलायमध्ये वेगळाच शब्द आहे, 'पेलाबुहान'. घरचा मालक घरातून बाहेर पडावा आणि नाव मात्र दारावर राहावं, असं काहीसं.

इजिप्तमध्येही असंच. तिथे खेड्याच्या उलट ते बंदर, म्हणजे जिथे बाजार, कचेरी आणि दवाखाना आहे असं गाव. नाईल जवळ असो वा नसो.

मग मुंबईत उलटं का झालं? शब्द फुगायच्या ऐवजी आकसला का?

कारण इथल्या समुद्राचा स्वभाव. मुंबईचा पूर्व किनारा उथळ आहे, चिखलाचा आहे. उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरांहून जास्त फरक पडतो. गेटवेला लाँच पकडताना हे पायाला कळतं. भरतीला पाणी वरच्या पायऱ्यांशी असतं आणि लाँचमध्ये सरळ पाय टाकता येतो. ओहोटीला तीच लाँच खाली गेलेली असते, उघड्या पडलेल्या पायऱ्या शेवाळाने बुळबुळीत असतात आणि खलाशी हात धरून एकेकाला उतरवतो. दारूखान्याच्या बाजूला गेलं तर ओहोटीच्या वेळी होड्या चिखलात एका कुशीवर कलंडलेल्या दिसतात. अशा किनाऱ्याला मोठं जहाज थेट लागूच शकत नव्हतं.

म्हणून गोद्या बांधल्या जाईपर्यंत पद्धत अशी होती: जहाज खोल पाण्यात नांगर टाकून उभं राही आणि माल, माणसं, डाक लहान होड्यांतून काठावर येई. या होड्यांना इंग्रज 'बंदर-बोट' म्हणत. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात बंदर आणि बंदर-बोट यांच्या स्वतंत्र नोंदी आहेत. या होड्या जिथे लागत तो दगडी उतार किंवा बांधीव काठ म्हणजे बंदर. भरतीच्या काही तासांतच उतरवणं-चढवणं उरकायचं असल्याने एकाच जागी सगळी गर्दी परवडणारी नव्हती. मग मालाप्रमाणे जागा वाटल्या गेल्या. लाकूड लकडी बंदराला, कोळसा कोळसा बंदराला. सबंध जलाशयाला इंग्रजी 'हार्बर' हा शब्द होता, जो आजही आपल्या हार्बर लाईनमध्ये रोज ऐकू येतो. समुद्राचा मोठा पसारा इंग्रजी शब्दाकडे गेला आणि फारसी शब्दाच्या वाट्याला काठावरचा तुकडा आला.

जकातीच्या अर्थानेही इथे 'बंदर' ची गरज नव्हती. गुजराती आणि मराठीत जकातनाक्याला 'मांडवी' म्हणतात. मस्जिद बंदराला लागून असलेली मुंबईची मांडवी आणि कच्छमधलं मांडवी गाव, दोन्ही नावांमागे हीच जकात. म्हणजे दुसरा अर्थ मांडवीने सांभाळला. वस्तीसाठी गाव, वाडी, कोळीवाडा होतेच. उरलं ते फक्त होडी लावायचं ठिकाण.

पुढे मोठी जहाजं आत घेता येतील अशा दरवाजांच्या गोद्या आल्या. ससूननंतर १८८० साली प्रिन्सेस डॉक, १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक, १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक, जी आता इंदिरा डॉक आहे. दरम्यान १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. या नव्या प्रकारच्या जागेला मुंबईकरांनी 'बंदर' म्हटलं नाही. ती 'गोदी' झाली आणि तिथे राबणारा 'गोदी कामगार'. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजाचा जो भयंकर स्फोट झाला, त्याला जुनी माणसं 'गोदीतला स्फोट' म्हणतात. 'बंदरातला स्फोट' असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नाही. माणसं शब्द इतके नेमके वापरतात, कुणी शिकवलेलं नसताना. आणि जिथे बोटीला नुसतं टेकायचं तो 'धक्का'. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, ज्यांना लोक भाऊ म्हणत, त्यांच्यामुळे भाऊचा धक्का. पहाटे तिथे मासळीचा लिलाव चालू असताना एकदा जाऊन यावं. बर्फाच्या लाद्या फोडण्याचा आवाज, ओल्या टोपल्या, कोळणींची बोली. तिथे 'बंदर' शब्द ऐकू येतो तो वेगळ्याच वाक्यात: 'बंदरावर बावटा लागलाय'. वादळाचा इशारा आला की बंदरावर बावटा चढतो आणि मग होड्या बाहेर पडत नाहीत.

आता बोरीबंदराकडे. या नावाची व्युत्पत्ती दोन प्रकारे सांगतात, एक पोत्यांच्या बोऱ्यांवरून, दुसरी बोरीच्या झाडांवरून. मला पहिली जास्त संभवनीय वाटते, कारण लकडी बंदर, कोळसा बंदर ही नावंही मालावरूनच पडली आहेत. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी इथून सुटली आणि ३४ किलोमीटरवरच्या ठाण्याला गेली. ताम्रपटातलं वेलाकूल असलेलं श्रीस्थानक ते हेच ठाणं. रेल्वे बंदराशी सुरू झाली कारण घाटावरचा कापूस आणायचा होता तो बोटींपाशी. नंतर पूर्वेकडे भराव पडत गेला, त्यावर रस्ते झाले, वखारी झाल्या, गोद्या झाल्या, आणि पाण्याची कड बोरीबंदरापासून दूर सरकली.

मस्जिद बंदराच्या नावातली मशीदही अनेकांना वाटते ती नाही. सॅम्युएल इझिकिएल दिवेकर या बेने इस्राएल सरदाराने १७९६ साली इथे सिनेगॉग उभारला, आजच्या सॅम्युएल स्ट्रीटवरचा शार हारहमीम. मराठी बोलणारे बेने इस्राएल आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणत, आणि हा सिनेगॉग 'जुनी मशीद' म्हणून ओळखला जाई. स्टेशनच्या नावाचा उगम तिथे सांगितला जातो. यहुदी प्रार्थनास्थळ, अरबी शब्द, पुढे फारसी शब्द, आणि म्हणणारे मराठी.

वांद्र्याचं नावही 'बंदर' पासून आलं असं पुष्कळदा वाचायला मिळतं, कारण पोर्तुगीज ते बांदोरा लिहीत. मला ते पटत नाही. जिथे जिथे बंदर होतं तिथे मराठी माणसाने तो शब्द जसाच्या तसा ठेवला आहे. एकट्या इथेच त्याचा 'वांद्रे' का व्हावा? बंगालमधल्या बँडेलची गोष्ट वेगळी. हुगळीकाठच्या त्या गावाचं नाव पोर्तुगीजांच्या तोंडी बदललेला बंदर आहे, असं मानलं जातं, आणि तिथे पोर्तुगीजांची वसाहत होतीच.

गेल्या काही दशकांत मराठीतही हा शब्द पुन्हा मोठा होऊ लागला आहे. १९८९ साली न्हावा-शेवा सुरू झालं तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला बंदरच म्हटलं, आणि आता डहाणूजवळ वाढवण बंदर होत आहे, ज्याची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. वाढवणच्या बातम्यांत 'बंदर' म्हणजे मैलोगणिक भराव, कंटेनर, महामार्ग. त्याच बातम्यांत विरोध करणारा मच्छीमार जेव्हा 'आमचं बंदर' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात होड्या ओढून लावायची वाळू असते. दोघं एकच शब्द वापरतात आणि वेगळ्या गोष्टींविषयी बोलतात. मला वाटतं, या वादातली निम्मी बातमी त्या शब्दातच आहे.

बंगालीने तर समुद्र केव्हाच सोडला. तिथे विमानतळ म्हणजे 'बिमानबंदर' आणि सीमेवरची मालाची चौकी 'स्थलबंदर'. बांगलादेशातलं बेनापोल हे त्यातलं प्रसिद्ध. इंडोनेशियात 'बंदर उदारा', हवेचं बंदर, आखडून 'बंदारा' झालं आहे. जकार्ताच्या विमानतळाच्या पाटीवर तेच लिहिलेलं असतं. आपण मराठीत 'विमानतळ' पसंत केला. पण जमिनीवरचं बंदर आपल्याकडेही येऊ घातलं आहे. समुद्रापासून सुमारे ४०० किलोमीटरवर, जालन्यात, न्हावा-शेवाच्या प्राधिकरणाने ड्राय पोर्टचं काम हाती घेतलं. माल तिथेच कंटेनरमध्ये भरायचा, जकातीची तपासणी तिथेच उरकायची आणि गाडीने थेट जहाजापर्यंत न्यायचा. मराठी बातम्यांत त्याला कधी ड्राय पोर्ट म्हणतात, कधी शुष्क बंदर.